तेल न पिणारं इंजिन : बिगेंड बेअरिंगच्या कामाची वही, वर्सोवा, २०२५

२८ मे

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत उतरला. मासेमारीची बंदी १ जूनपासून असली तरी समुद्राने चार दिवस आधीच सगळ्यांना घरी पाठवलं. मामाची बोट काल खाडीत लागली. तांडेल वर येता येताच म्हणाले, "भाच्या, इंजिन ठोकतंय. आतून. घण मारल्यासारखं."

संध्याकाळी उतरलो आणि इंजिन अर्धा तास चालवून गरम केलं. गरम झाल्यावर संथ चालीत तेलाचं प्रेशर अर्धा किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) लोळत होतं, वेग दिल्यावर जेमतेम दोन. गेल्या वर्षी संथ चालीत सव्वा किलो होतं आणि वेगात साडेतीन-चार. आवाज बोदा, खालून येणारा. वेग वाढवून थ्रॉटल एकदम सोडला की स्पष्ट ऐकू यायचा.

मग जुनी युक्ती केली. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरा ढिला करायचा. त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, पिस्टन खाली दणक्याने दाबला जात नाही, आणि ठोक त्याच्या बिगेंडातला, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या (रॉडच्या) खालच्या टोकाच्या बेअरिंगातला असेल तर तो मवाळ होतो. १ आणि २ ला फरक नाही. ३ चा नट सोडला आणि आवाज अर्धा झाला. ४ आणि ५ ला थोडासा. ६ ला नाही.

म्हणजे बिगेंड. तीन नंबर तर नक्कीच.

निघताना तांडेल म्हणाले, "पण एक सांगतो, तेल एक थेंब पित नाय. मार्चपासून घातलंच नाय. तेल मोजायची पट्टी जिथल्या तिथं." हे ते दर वर्षी सांगतात, पोराचे मार्क सांगावेत तसं. मी मान हलवली आणि वहीत लिहून ठेवलं, म्हणून आज इथे आहे.

वही या वर्षीपासून सुरू केली. बोटीच्या कागदांची फाइल हातभर जाड आहे, पण इंजिनाची एक चिठ्ठी नाही. क्रँक (रॉड ज्याला फिरवतात तो शाफ्ट) आधी कधी घासला आहे का, शेल (बेअरिंगच्या बदलायच्या अर्धगोल वाट्या) कधी बदलले, बोल्ट कधी बदलले? मामाला विचारलं तर म्हणतो, "तुझ्या आजोबांना माहीत होतं."

२ जून

बंदी ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. ऐकायला भरपूर वाटतात. त्यात पाऊस, सुट्ट्या, ग्राइंडरवाल्याची रांग. प्रत्येक कोळीवाड्यातलं प्रत्येक इंजिन याच दोन महिन्यांत उघडतं.

तेल काढलं. पुस्तकात १८ लिटर लिहिलंय, डब्यात साधारण १८ लिटरच आलं. म्हणजे तांडेल खोटं बोलत नव्हते. पण तेल पडलं ते धारेने. या वयाचं तेल जाड मधासारखं ओघळायला हवं, हे पाण्यासारखं खळखळत आलं. बोटांवर चोळलं, वास घेतला. डिझेल.

खात्री करायला मामीचा जुना आरसा घेतला. कलता ठेवून वरच्या कडेला शेजारी शेजारी दोन थेंब सोडले, एक डब्यातल्या नव्या तेलाचा, एक या तेलाचा. आमचा थेंब खालच्या कडेला पोचला तेव्हा नवा जेमतेम अर्ध्यात होता. एक थेंब टिपकागदावर ठेवला. रात्री बघितलं तर मधे काळा डाग आणि त्याच्याभोवती फिकट, पसरट कडं. डिझेलचंच कडं ते.

म्हणजे इंजिन तेल पीत होतंच, सहा सिलिंडरचं कुठलंही इंजिन पितं. जितकं तेल जळत होतं तितकं डिझेल खालून भरत होतं, आणि पट्टी जिथल्या तिथं. मार्च ते मे.

डिझेल कुठून येतंय ते शोधायचं. आधी बेअरिंग.

५ जून

जागेवरच शेल बदलायचा मामाचा आग्रह. पण चेंबर (इंजिनाच्या बुडाचं तेलाचं भांडं) खाली उतरवायला बुडाशी जागा नाही, आणि तीन नंबरचा आवाज बघता क्रँक न मोजता शेल घालणं म्हणजे नव्या चादरीखाली ढेकूण झाकणं. इंजिन बाहेर काढायचं ठरलं.

केबिनचं छप्पर सोडलं, तीन वाशांची घोडी उभी केली, दोन टनी चेन पुली लावली. गिअरबॉक्स आधी वेगळा काढला. आठ माणसं, चार तास, तीन सरी. यारी रोडला ओळखीच्या गॅरेजात टेंपोने नेलं. बोट आता शाकारलेली आहे, आत रिकामी भोकं दिसतात.

९ जून

खोललं. ही नोंद मोठी होणार.

काढण्याआधी प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप यांवरचे नंबर बघितले. कारखान्याचे आकडे एकाच बाजूला ठोकलेले असतात, कॅमशाफ्टच्या की उलट्या, ते लिहून घ्यायचं. रॉड आणि कॅप एकत्र बोअर केलेली जोडी असते. कॅप बदलली किंवा उलटी लावली तर गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं. मी रंगाचे ठिपकेही दिले. ग्रीसने माखलेल्या हाताला आकडे दिसत नाहीत, ठिपके दिसतात.

शेल काढून जुन्या फळीवर मांडले. वर रॉडकडचे सहा, खाली कॅपकडचे सहा, सिलिंडरच्या क्रमाने. हे करायचंच. एकेक काढून डब्यात टाकला की अर्धी साक्ष गेली.

शेल म्हणजे पोलादाची पातळ कमान. तिच्यावर तांबं-शिशाचा थर, त्यावर निकेलचा बारीकसा पडदा, आणि सगळ्यांत वर शिसं-कथलाचा करडा मऊ मुलामा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. नवा शेल राखाडी दिसतो. तांबूस दिसायला लागला की मुलामा संपला.

वरच्या ओळीतले सहाही शेल मधोमध तांबूस. खालची ओळ बहुतेक राखाडी. हे बरोबरच आहे. फोर-स्ट्रोक डिझेलात स्फोटाचा सगळा मार रॉडकडच्या वरच्या शेलवर येतो, कॅपकडच्या शेलवर येतो तो पिस्टन वर जाऊन परत फिरताना बसणारा हिसका. मेन बेअरिंगला, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगला, उलट, तिथे खालचे शेल आधी झिजतात. सहाही वरचे सारखेच झिजले याचा अर्थ दोष सगळ्यांना वाटून आलेला. पातळ तेल सगळ्यांनाच मिळतं.

पण तीन नंबर वेगळा होता. वरच्या शेलची पुढची कड तांब्यापर्यंत खाल्लेली, मागची जवळपास कोरी. खालच्या शेलला बरोबर उलट, मागची कड खाल्लेली. तिरक्याला तिरकं. असं एकाच गोष्टीने होतं. रॉड वाकलेला आहे.

शिवाय तीन नंबरच्या खालच्या शेलमध्ये एक चमकणारा कण रुतला होता आणि त्याच्या मागे चर. तोच चर क्रँकच्या पिनवरही (रॉड ज्या गोल भागाला धरतो ती पिन). नख अडकतं.

एक चांगली बातमी: सगळ्या शेलच्या पाठीवर एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, मूळ माप. क्रँक कधीच घासलेला नाही. आजोबांनंतर पहिल्यांदा मला काहीतरी कळलं.

१० जून

तांडेलना फळी दाखवली. विचारलं, "या इंजिनात कधी पाणी शिरलं होतं?"

"नाय."

"एक्झॉस्टमधून? बोट खाडीत उभी असताना, उधाणात?"

ते बराच वेळ तीन नंबरकडे बघत होते. मग म्हणाले, दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आसपास. रात्रभर बोट एका अंगाला कलली होती. सकाळी स्टार्टर मारला तर एकदा 'ठक' करून अडकलं. इंजेक्टर काढून फिरवलं, एका भोकातून पाणी उडालं, परत बसवलं, चाललं. "चाललं ना, मग कशाला सांगायचं?"

पाणी दबत नाही. पिस्टन वर येताना वर पाणी असलं की दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि ती रॉड घेतो. वाकतो केसाएवढाच. इंजिन चालतं, धूर नाही, आवाज नाही. दोन वर्षं शेल एका कडेने झिजत राहिला. तेल दाट होतं तोवर निभावलं असेल, पातळ झालं आणि बोंब झाली.

तांडेलवर रागावलो नाही. मालकाला सकाळी सहाला फोन करून इंजिनात पाणी गेलं म्हणून सांगणं सोपं नसतं.

१२ जून

पिना मोजल्या. मूळ व्यास ७६.२० मिमी, म्हणजे बरोबर तीन इंच. प्रत्येक पिन दोन ठिकाणी, पुढे आणि मागे, आणि प्रत्येक ठिकाणी उभी-आडवी. म्हणजे एका पिनेची चार मापं.

१, २, ५, ६ : ७६.१५ ते ७६.१८ च्या मधे. फार वाईट नाही. ४ : ७६.१३, थोडी लंबगोल. ३ : पुढे ७६.१५, मागे ७६.०७, आणि वर तो चर.

शेलसकट गॅप काढला तर ३ ला सगळ्यात जास्त, ०.१९ मिमी. आमच्या पुस्तकात ०.०६ ते ०.११. ढोबळ हिशोब सगळीकडे असाच निघतो, शाफ्टच्या व्यासाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्या फटीत तेलाची साय धरते. जास्त फट म्हणजे तेल कडेने सांडून जातं आणि पुढच्या बेअरिंगला प्रेशर उरत नाही.

इंजेक्टर तपासायला दिले. डिझेल गळण्याचे पहिले संशयित तेच.

१४ जून

क्रँक कुर्ल्याच्या ग्राइंडरवाल्याकडे पोचवला. आधी चुंबकाने तडे बघायला सांगितलं. फुललेल्या रेषा दिव्याखाली दिसतात, तशी एकही नव्हती. ते झाल्यावर चुंबकत्व उतरवायला लागतं. मी तिथेच लोखंडाचा कीस पिनेजवळ धरून बघितला, चिकटला नाही.

गाडीत मामाने अभिमानाने एक खोका पुढे केला. दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजचे, म्हणजे तेवढ्या घासलेल्या पिनेला बसणारे, सहा जोड शेल. "बाजारात गेलोच होतो, भाव चांगला मिळाला, घेऊन टाकले."

घासायच्या आधी शेल घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी पत्रिका छापणं. पण मामा मालक आहे आणि मी भाचा. बोललो नाही.

इंजेक्टर ठीक. दाब बरोबर, थेंब नाही.

२० जून

व्हायचं तेच झालं. ग्राइंडरवाल्याने शहाणपणाने सगळ्यात वाईट पिन आधी लावली, तीन नंबर. दहा थाऊपर्यंत आणली तरी चर राहिला. वीसला साफ झाली. म्हणजे सगळ्याच वीसवर. एक वीस आणि पाच दहा असं करता येतं, पण पुढच्या वेळी शेल शोधणाऱ्याला शिव्या खायला लागतील, आणि तो पुढचा मीच असेन.

मामा खोका घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने तेलकट कागद उघडलेला बघून परत घ्यायला नकार दिला. मामाने उघडला होता, शेल चमकतात का बघायला. आता दहा थाऊचे सहा जोड आमच्या माळ्यावर आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा.

वीसचे नागदेवीच्या बाजारात एका ठिकाणी मिळाले.

२६ जून

काल अमावास्या. उधाण, दणकून पाऊस. कुर्ल्याला जायचं रद्द. दिवसभर काही नाही.

इंजेक्शन पंप दुसऱ्या एकाकडे बाकावर लावून झाला. सीलं कोरडी. दुसरा संशयित सुटला.

३ जुलै

क्रँक आला. सगळ्या पिना ७५.६९, शंभराव्या भागाच्या आत. पण माप बरोबर आलं म्हणजे क्रँक घ्यायचा असं नाही. आधी कोपरा बघायचा.

पिन आणि भिंत जिथे भेटतात तिथे गोलाई असते. ग्राइंडिंगचं चाक कोपऱ्यापर्यंत नीट गोल केलेलं नसेल तर ती गोलाई जाऊन खाच पडते. क्रँक मोडतो तो तिथूनच, आणि मोडतो तो खोल समुद्रात. रेडियस गेज सहाही पिनांना दोन्ही बाजूंनी लावून बघितला. बारापैकी बारा ठीक. तेलाच्या भोकांच्या कडाही मोडलेल्या होत्या, धार नव्हती. धार राहिली तर तीच शेल तासते. ग्राइंडरवाल्याला चहा पाजला.

मग साफसफाई. क्रँकच्या आतून मेनपासून पिनेपर्यंत तिरकी भोकं असतात, त्यांच्या टोकाला बूच. फिरत्या क्रँकमध्ये गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि त्या बुचांमागे वर्षानुवर्षं साठतो. ग्राइंडिंगची भुकटीही तिथेच जाते. बुचं काढली. एकामागून करंगळीच्या नखाएवढा काळा, दगडासारखा गाळ निघाला. तीन नंबरच्या शेलात रुतलेला कण यातलाच असावा. बाटलीच्या ब्रशने, रॉकेलने, मग हवेने. पांढरं फडकं ओढून पांढरंच बाहेर येईपर्यंत. चौथ्या फडक्याला झालं.

बुचं नवीन घातली आणि कडा पंच करून अडकवल्या.

६ जुलै

आषाढी. गॅरेज बंद. मामाकडे साबुदाण्याची खिचडी.

मामा आजोबांचे दिवस सांगत होता. तेव्हा शेल नव्हते. रॉडमध्येच पांढरा धातू वितळवून ओतायचे, मग पिनेला निळा रंग लावून रॉड फिरवायचा, जिथे निळं लागलं ते स्क्रेपरने खरवडायचं, परत निळा, परत खरवड. एक बेअरिंग बसवायला अख्खा दिवस. सहा सिलिंडर म्हणजे आठवडा. आजोबांच्या उजव्या अंगठ्याला त्याचा गठ्ठा होता.

मला तेव्हा बीचम टॉवर आठवला. १८८३ मध्ये हा इंग्रज इंजिनिअर बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरच्या ब्रासमध्ये तेलासाठी भोक पाडलं तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने लाकडाची खुंटी ठोकली, तर खुंटी उडाली. फिरता शाफ्टच तेलात इतका दाब तयार करतो की सगळा भार तेलावर तरंगतो. तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. पंपाने बेअरिंगपर्यंत तेल पोचवायचं असतं, भार उचलतो तो तेलाचा स्वतःचा घट्टपणा. घट्टपणा गेला की पंप कितीही ओतू दे, साय फाटते आणि धातूला धातू लागतो.

मामा म्हणाला, "म्हणजे खुंटी तांडेलने काढली." मी म्हटलं, अजून माहीत नाही कुणी काढली.

११ जुलै

रॉड. अलाइनमेंटच्या पट्ट्यावर सहाही चढवले. पाच सरळ. तीन नंबर डोळ्याला सरळ दिसतो, पण फिलर गेज आत जातं.

दाबाने सरळ करून देणारे आहेत. मी नको म्हटलं. एकदा वाकलेलं पोलाद सरळ झालं तरी कुठे ताणलं गेलंय ते दिसत नाही. दारूखान्याच्या भंगारबाजारात सेकंड हँड मिळाला असता, पण त्याचा इतिहास कोण सांगणार? नवा घेतला. काट्यावर बाकीच्या पाचांशी तोलला, तो ४० ग्रॅम जड. बाजूच्या वजनाच्या गाठीवरून घासून सारखा केला.

बोल्ट बाराही नवीन. जुने नव्याशेजारी उभे केले तर दोन केसभर लांब झालेले. बोल्ट म्हणजे स्प्रिंगच, एकदा मर्यादेबाहेर ताणला की परत येत नाही.

१५ जुलै

प्लास्टीगेज. मेणासारखा बारीक दोरा, लाल पाकिटातला, ०.०५ ते ०.१५ मिमीच्या मापाचा. पिन आणि शेल कोरडे पुसून दोऱ्याचा तुकडा पिनेवर लांबीने ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, परत खोलायची आणि चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचा. रुंद म्हणजे गॅप कमी.

एकच नियम: मधे क्रँक फिरवायचा नाही. गॅरेजातल्या पोऱ्याने दोन नंबरला नेमका फिरवला, "बघतो जाम आहे का" म्हणून. दोरा सारवल्यासारखा पसरला. त्याचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं. परत केलं.

सहाही ०.०७ ते ०.०८. दोऱ्याची रुंदी दोन्ही टोकांना सारखी, म्हणजे पिनेला उतार नाही आणि नवा रॉड सरळ आहे.

१६ जुलै

शेवटचं बसवणं. दोन-तीन गोष्टी पुढच्यासाठी.

शेलची पाठ आणि रॉडची खोली (शेल बसतो ती बैठक) कोरडी हवी. तिथे तेल लावायची सवय पुष्कळांना आहे. पाठीला तेल असलं तर शेल नीट टेकत नाही आणि उष्णता रॉडकडे जात नाही. तेल फक्त पिनेकडच्या तोंडाला, भरपूर.

शेल खोलीत बसवला की त्याच्या दोन्ही कडा सांध्याच्या केसभर वर राहतात. हे मुद्दाम असतं. कॅप आवळली की त्या दाबल्या जातात आणि शेल खोलीला घट्ट धरून बसतो. त्या कडा वर दिसतात म्हणून कानशीने घासणारे मी पाहिलेत. घासल्या की शेल आत फिरतो, मग रॉडही गेला. शेलवरची छोटी जीभ फक्त जागा दाखवायला असते, धरायला नाही.

बोल्टच्या आट्यांना तेल लावून आळीपाळीने, आधी अर्धा टॉर्क, मग पूर्ण. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा. चौथ्याला घट्ट लागला. पोटात गोळा आला. खोलून बघितलं तर कॅप उलटी. ठिपका मीच दिला होता आणि मीच बघितला नाही. पोऱ्या काही बोलला नाही, त्याबद्दल त्याचे आभार.

मेनचे शेलही नवीन घातले, एसटीडी. क्रँकची लांबीतली चाल ०.२० मिमी.

१८ जुलै

तिसरा संशयित. इंजिनाच्या अंगाला लावलेला फीड पंप, टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा. कॅमशाफ्टवर चालतो, आत रबरी डायफ्रॅम. हा शेवटी ठेवला कारण तो बाहेरून कोरडा ठणठणीत होता. डायफ्रॅम फाटला असता तर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून डिझेल टपकलं असतं. ते भोक त्याच्यासाठीच ठेवलेलं असतं, म्हणजे गळती बाहेर दिसते, इंजिनात जात नाही.

पंप काढून लिव्हर दाबला. डायफ्रॅमखालून डिझेल झिरपलं, इंजिनाच्या बाजूने.

मग भोक कुठे आहे? बोटाने चाचपडलं. नाही. डोळ्याशी आणलं. पिवळ्या दिव्यात एक जरासा खळगा दिसला, हिरव्या रंगाने बुजलेला. सुई घातली तर रंगाची गोळी निघाली. एक थर नाही, चार-पाच थर.

दर वर्षी बंदीत इंजिनाला हिरवा रंग मारतो. खारं पाणी, गंज, आणि नाखव्याला पूजेच्या दिवशी इंजिन चकचकीत हवं असतं. गेली पाच वर्षं तो रंग मी मारतो. स्प्रेने, झाकून वगैरे काही नाही.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग खुंटी तू ठोकलीस." बराच वेळ हसत होता. मी नाही.

नवीन डायफ्रॅम टाकला. सुई तारेने बांधून पंपाशेजारी लटकवली.

२८ जुलै

इंजिन बोटीत. चढवताना आठाऐवजी सहाच माणसं, पण पाऊस उघडा. प्रॉपेलरच्या शाफ्टशी जुळवायला अर्धा दिवस गेला. एक्झॉस्टचा पाइप मूळच्यापेक्षा उंच वळण देऊन नेला, म्हणजे बोट कलली तरी पाणी सिलिंडरपर्यंत चढू नये.

रंग मारला नाही. मामा म्हणाला पूजेला कसं दिसेल. मग वरचं कव्हर तेवढं रंगवलं.

३० जुलै

पहिला स्टार्ट. नवीन फिल्टर तेलाने भरून लावला, चेंबरमध्ये नवं तेल १८ लिटर. स्टॉप ओढून ठेवला, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवलं. चौथ्या वेळी प्रेशरचा काटा हलला. तोवर पेटवायचं नाही, कोरड्या शेलवर पहिलं मिनिटच महागात पडतं.

मग स्टॉप सोडला. लगेच पेटलं.

गरम झाल्यावर संथ चालीत सव्वा किलो, वेगात चार. ठोक नाही. थ्रॉटल सोडून बघितला, पाच वेळा. तांडेल कान लावून उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त गेजच्या काचेवरचं पाणी बोटाने पुसलं.

पहिले काही तास पूर्ण भार देऊ नका, परत आल्यावर तेल आणि फिल्टर बदलायचा आणि फिल्टर कापून आत चमक आहे का बघायची, असं सांगितलं. पट्टीवर रोज खूण करायला पेन्सिल दिली.

७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा तोंडावर. बोटींना पताका लागल्यात, मामी करंज्यांच्या मागे.

बोट पहाटे आली. पहिलीच फेरी, थोडी कोळंबी, थोडे बोंबील. फिल्टर कापला. घडीत काळपट मळी, चमक नाही. पंपाच्या भोकाखाली कागद ठेवला होता, कोरडा.

तांडेल पट्टी घेऊनच वर आले. नाराज. बोटाने खूण दाखवली.

"भाच्या, एवढा खर्च केलास आणि आता हे तेल प्यायला लागलं."

पट्टी एक बोट खाली होती. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांना दोन लिटरचा डबा दिला.